‘ओळखलं का?’ असं विचारू नये

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे इजा किंवा आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी. सांगली-मिरजेच्या आसपास घरोघरी जाऊन काम करते. अपघातात मेंदूला इजा झालेल्या एका बाईंची आणि त्यांच्या नवऱ्याची ही हकीकत. दोघांनी लिहायला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून अख्ख्या गावाच्या ‘बाई’. त्यांच्या नवऱ्याला मी ‘दादा’ म्हणते. तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग. घरात सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा.

जून 2022. बाईंच्या माहेराहून दोघं मोटारसायकलवर परत येत होते. दादा पुढे. बाई मागे, साडी नेसलेल्या म्हणून एका बाजूला पाय सोडून, मांडीवर आंब्यांची पिशवी. आदल्याच आठवड्यात रस्त्यावर नवा गतिरोधक झाला होता, त्याला पांढरे पट्टे मारलेले नव्हते. अंधार, वर भुरभुर पाऊस. गाडी उडाली, दादांनी सावरली, बाई मागच्या मागे पडल्या. डोक्याचा मागचा भाग डांबरावर आपटला. दादांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, बाईंच्या नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, पण अंबाड्यावर हेल्मेट घातलेली बाई मी आमच्या भागात क्वचितच पाहिली आहे. दादांना साधं खरचटलंही नाही. “मला काही लागलं असतं तर बरं झालं असतं,” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्या तीन महिन्यांत किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही.

रुग्णालयात पोचल्या तेव्हा ग्लासगो कोमा स्केलवर 7. या मोजपट्टीत 15 म्हणजे पूर्ण शुद्धीत, 8 किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. कवटीला मागे तडा, पण सीटी स्कॅनमध्ये रक्तस्रावाचे मोठे डाग होते ते पुढे, कपाळाच्या मागे, दोन्ही बाजूंना. दादांना हे कोडं कित्येक दिवस सुटलं नव्हतं: पडली मागे, मग मार पुढे कसा? मेंदू कवटीत तरंगत असतो. मागून दणका बसला की तो पुढे जाऊन कपाळामागच्या खडबडीत हाडावर घासतो. याच हिसक्यात नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे नाजूक तंतूही तुटतात. या दोन गोष्टींनी पुढची अडीच वर्षं ठरवली, आणि त्या दोन्ही बाहेरून दिसत नाहीत.

सूज उतरायला जागा मिळावी म्हणून कवटीचा एक तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला. (“डोक्याचं हाड पोटात ठेवलंय म्हणे,” हे गावात जेवढ्या चवीनं चघळलं गेलं, तेवढं दुसरं काही नाही.) अकरा दिवस व्हेंटिलेटर, मग गळ्याला नळी, नाकातून नळी. डोळे उघडले तरी रोजचा दिवस लक्षात राहायला पाच आठवडे गेले. अपघातानंतरचा हा विस्मरणाचा काळ चार आठवड्यांच्या वर गेला की इजा अतिशय गंभीर धरतात. बावन्नाव्या दिवशी बाई घरी आल्या. चालत आल्या, आणि पुढची बरीचशी गुंतागुंत तिथूनच झाली. सगळं गाव म्हणालं, देवाची कृपा, बाई बऱ्या झाल्या.

*

मी पहिल्यांदा गेले ते सप्टेंबरमध्ये. सोप्यात खुर्चीवर बाई बसल्या होत्या, डोक्याला रुमाल, समोर परातीत कोथिंबिरीची जुडी. सासूबाईंनी निवडायला दिली होती. मी दादांशी पाऊण तास बोलले. त्या पाऊण तासात बाईंनी जुडीला हात लावला नाही. कंटाळलेल्या दिसत नव्हत्या, दुःखी नव्हत्या, त्या फक्त बसल्या होत्या. मी एक काडी उचलून पानं खुडली आणि “आता तुम्ही,” म्हणाले, तेव्हा त्यांनी लगेच एक काडी निवडली. व्यवस्थित, सराईत हातांनी. आणि थांबल्या.

सासूबाई आतून म्हणाल्या, “सगळं येतंय तिला. करायचं नाही एवढंच.”

घरातल्या सगळ्या भांडणाचं मूळ या एका वाक्यात होतं. हात चालतात, निवडायचं कसं ते माहीत आहे, मग न करणं म्हणजे आळस, नाहीतर नाटक, नाहीतर बाहेरचं काहीतरी. लिंबू उतरवून झालं होतं. पण कपाळामागचा मेंदू जे काम करतो ते ‘सुरू करण्याचं’ असतं, आणि एकदा सुरू झालेलं पुढे रेटण्याचं. स्टार्टर गेलेल्या मोटारीसारखं, विहिरीत पाणी आहे, वीज आहे, मोटारही चांगली आहे. शेतकऱ्याच्या घरात हे उदाहरण एका दमात कळलं.

दुसरी अडचण उलट बाजूची. चौदा वर्षं नवऱ्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या बाई घरी आल्यापासून त्याला नावानं हाक मारत होत्या. “ए, पाणी आण.” तेही पाहुण्यांदेखत. गावातल्या एका काकांना तोंडावर म्हणाल्या, “तुमच्या तोंडाला वास येतो का हो? मला आता येत नाही म्हणून विचारते.” समोर कोण आहे, कुणापुढे काय बोलायचं नसतं, हा ब्रेकही तिथंच असतो. स्टार्टर आणि ब्रेक एकाच वेळी गेलेला माणूस बाहेरून आळशी आणि उद्धट दिसतो. सासूबाईंना कोथिंबिरीपेक्षा ते ‘ए’ जास्त लागलं होतं. दादा यावर काही बोलायचे नाहीत.

मी एक चूक टाळायला सांगितली आणि दादांनी ती फारच मनावर घेतली. भेटायला येणारा प्रत्येक जण बाईंपुढे वाकून विचारायचा, “मला ओळखलं का?” हा आपला प्रेमाचा रिवाज, पण आठवण फाटलेल्या माणसाला तो दिवसातून दहा वेळा होणारा तोंडी पेपर वाटतो. बाई चिडायच्या किंवा भलतंच नाव ठोकून द्यायच्या, आणि पाहुणा गावभर सांगायचा की बाईंचं डोकं गेलं. पुढच्या खेपेला गेले तर दारावर, शाळेच्या जुन्या पुठ्ठ्यावर, दादांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘ओळखलं का असं विचारू नये. आपलं नाव सांगावं. दहा मिनिटं बसावं. टीव्ही लावू नये.’ पाहुणे दुखावले. काही आलेच नाहीत पुन्हा. बाईंची संध्याकाळची चिडचिड मात्र पंधरवड्यात निम्म्यावर आली.

*

ऑक्टोबरमधली एक गोष्ट दादांनी मला दोन आठवडे सांगितली नाही.

फळछाटणी होऊन बाग फुटव्यावर होती. रात्रभर पाऊस झाला. अशा वेळी सकाळी लगेच फवारणी झाली नाही तर दावण्या रोग येतो आणि वर्षाचं पीक हातचं जातं. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या, मुलं शाळेत. दादांनी बाईंना खोलीत बसवलं, बाहेरून कडी घातली आणि बागेत गेले. अडीच तासांनी परत आले तेव्हा शेजारीण दारात उभी होती आणि आत बाई दोन्ही हातांनी दार बडवत होत्या. कवटीचं हाड तेव्हा बसवलेलं नव्हतं. उजव्या बाजूला नुसती कातडी आणि त्याखाली मेंदू. त्या दारावर डोकं आपटलं असतं तर?

“सांगा मॅडम, काय करायला पाहिजे होतं? बाग सोडायची का?”

मी त्यांना रागावले नाही, आणि हे चांगुलपणानं नव्हे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सहा आठवडे त्यांना व्यायामांचे तक्ते देत होते आणि फवारणीच्या दिवशी बाईंजवळ कोण बसेल हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. रुग्णालयातून सुटताना मिळालेल्या कागदावरही तो नव्हता. त्या कागदावर ‘घरी देखरेख आवश्यक’ एवढंच लिहिलं होतं. देखरेख करणारा माणूस शेतकरी आहे, त्याच्या घरात कर्ज आहे, तो रात्री तीनदा उठतो, त्याचं वजन आठ किलोनं उतरलंय, याची नोंद कुठंच नव्हती.

त्या दिवशी आम्ही आठवडा कागदावर मांडला. बाईंची मोठी बहीण मंगळवार ते गुरुवार राहायला येऊ लागली. रोज सकाळी दोन तासांसाठी गावातल्याच एक मावशी ठेवल्या. अंघोळ, केस, कपडे हे त्यांच्याकडे. पैसे जात होते, दादांना ते जड गेलं, पण मी हट्ट धरला. त्याला कारण होतं. आधीच्या भेटीत ते सहज म्हणून गेले होते, “ती आता माझी तिसरी पोर झाली.” जो माणूस रोज न्हाऊ घालतो, भरवतो, ‘असं नाही करायचं’ म्हणतो, त्याला संध्याकाळी नवरा होता येत नाही. बायकोच्या बाबतीत हे आपण बोलतच नाही, कारण बाईनं सेवा करणं गृहीत असतं. इथं नवरा सेवा करत होता म्हणून निदान सगळ्यांना ते दिसलं, कौतुकही झालं. हीच इजा दादांना होऊन बाईंनी हेच केलं असतं तर कुणी दारावरची पाटी वाचायलाही थांबलं नसतं.

या सगळ्यात उपचार म्हणावा असा पहिला शोध मात्र माझा नव्हता. नोव्हेंबरात एकदा गेले तर सासूबाई आणि सून सोप्यात शेजारीशेजारी बसून मटार सोलत होत्या. सासूबाई एक शेंग फोडायच्या, बाई एक फोडायच्या. अर्धी पाटी झाली होती. समोर बसून ‘कर’ म्हटलं की बाई थांबायच्या, शेजारी बसून कुणी करत राहिलं की त्याही करत राहायच्या. डोळ्यांसमोर चालणारा हातच त्यांचा स्टार्टर झाला होता. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “लेकरांना असंच शिकवतो की आपण.” पुढचे कितीतरी महिने मी प्रत्येक कामाला हीच जोडी लावली. आधी शेजारी माणूस, मग शेजारी चित्रांचा तक्ता, मग नुसता मोबाइलचा गजर.

*

वासाचं सांगायचं राहिलं. डिसेंबरमध्ये कवटीचं हाड परत बसवलं, बाई सावरल्या आणि स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात फोडणी करपून काळी झाली, घरभर धूर, मुलगी खोकत बाहेर पळाली, आणि बाई कढईत शांतपणे उलथनं फिरवत होत्या. मोहरी तडतडल्याचा आवाज त्यांना कळत होता. हिंग आणि कढीपत्ता कधी करपला ते नाकानंच कळायचं, आणि नाक गेलं होतं. ते परत आलं नाही. गॅस सुटला तर कळणार नाही म्हणून गळतीचा भोंगा बसवला, आणि बाईंसाठी वेळ लावून आपोआप बंद होणारी इंडक्शनची शेगडी घेतली. उरलेल्या आमटीच्या भांड्यावर तारीख लिहायची सवय अख्ख्या घराला लागली, कारण आंबलेलं ओळखायचा बाईंचा मार्ग बंद होता. बाईंना स्वतःला सगळ्यात जास्त काय गेलं असं वाटतं? पहिल्या पावसाचा वास नाही, फुलं नाहीत. “पोराच्या डोक्याचा वास,” असं त्यांनी मला सांगितलं.

माझी मोठी चूक इथंच लिहिते. बाईंसाठी आम्ही एक वही केली होती: सकाळी काय झालं, दुपारी काय करायचं, कोण येणार. ती भरून घेण्याचं काम मी मुलीकडे दिलं. हुशार, शांत, आईसारखंच वळणदार अक्षर. तीन महिन्यांत ती मुलगी आईची बाई झाली. “आई, वहीत लिहिलंय ना! मग का विचारतेस?” एका संध्याकाळी हे ऐकून बाईंनी ताट भिंतीवर मारलं. त्या कधी काळी चाळीस मुलांना ओळीत बसवत होत्या, आणि आता स्वतःची लेक त्यांचा गृहपाठ तपासत होती. पोरीनं त्या दिवसापासून आईशी बोलणं कमी केलं. मी वही काढून घेतली आणि दादांच्या हाती दिली, पण उलट करून. दादा आपली बागेची नोंद त्याच वहीत लिहू लागले: औषध, पाणी, मजूर. वही ‘तिची’ राहिली नाही, घराची झाली. मुलीचं मन वळायला वर्ष गेलं. ते पूर्ण वळलंय असं मी म्हणणार नाही.

याच सुमारास विम्याचा दावा दाखल करायचा होता. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणजे डिसेंबर ही शेवटची मुदत. गाडीची पॅकेज पॉलिसी, म्हणजे सर्वसमावेशक विमा, होती म्हणून मागे बसलेल्या बाईंना भरपाई मागता येत होती. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणारा सहसा धरला जात नाही. पण अशा दाव्यात चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. वकिलांनी कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की गाडी चालवणाऱ्यानं वेग आवरला नाही, म्हणून अपघात घडला. चालवणारा म्हणजे दादा. हा कागद त्यांनी चार दिवस खिशात बाळगला. पाचव्या दिवशी बाईंनी तो वाचला, दोनदा, शाळेच्या सवयीनं एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि म्हणाल्या, “खरंच आहे की. तू जोरात चालवतोस.” दादा मला म्हणाले, त्या दिवशी पहिल्यांदा हलकं वाटलं. ब्रेक गेलेल्या तोंडाचा एवढा एक फायदा. आमच्यापैकी प्रत्येक जण सहा महिने ‘तुमची काय चूक?’ असं म्हणत होता आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

*

शाळेचं थोडक्यात. ऑगस्ट 2023 मध्ये बाई रुजू झाल्या आणि तीन आठवड्यांत थांबल्या. दोनशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन वर्ग, एका कोपऱ्यात पाढे आणि दुसऱ्यात कविता. कुठला आवाज ऐकायचा आणि कुठला सोडायचा हे त्यांच्या मेंदूला ठरवता येईना. बारा वाजता त्या टेबलावर डोकं ठेवायच्या. संबंधित कार्यालयातल्या एका साहेबांनी बाईंकडे पाहून “या तर ठणठणीत दिसतात” असं म्हटलं, तेव्हा दादांनी मोबाइलमधला हाड काढलेल्या डोक्याचा फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चहा मागवला.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 20 इथं कामी आलं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच वेतनात दुसरं काम द्यावं लागतं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून सामावून घ्यावं लागतं. अडचण प्रमाणपत्राची होती. कायद्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात ‘मेंदूची इजा’ असा स्वतंत्र प्रकार नाही, आणि बाईंचे हातपाय तर धडधाकट. मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या, माझ्या नोंदी, स्कॅन असं सगळं जोडून तिसऱ्या खेपेला काम झालं. आता त्या पुस्तकांच्या आणि पोषण आहाराच्या नोंदी ठेवतात. एकच खोली, एकच टेबल, रोज त्याच क्रमानं तेच काम. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटून पडायची सवलत मुख्याध्यापिकेनं स्वतःच्या अधिकारात दिली आहे.

फिनियास गेजची गोष्ट आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते: 1848 साली अमेरिकेत सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी पहार ज्याच्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली आणि जो वाचला, पण ‘पूर्वीचा राहिला नाही’. पुस्तकं सहसा तिथंच थांबतात. हाच गेज पुढे काही वर्षं चिली देशात घोडागाडी हाकत होता, हे फारसं सांगत नाहीत. ठरलेलं काम, ठरलेला रस्ता. बाईंच्या टेबलाकडे पाहिलं की मला ती घोडागाडी आठवते.

आता बाई पूर्वीच्या आहेत का? नाहीत. दादांना हे विचारलं तर ते म्हणतात, “पहिली गेली ती गेलीच मॅडम. तिचं दहावं-तेरावं काही करता आलं नाही, कारण ती समोर बसून चहा पिते.” पाऊलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा शोकाला गेल्या शतकातच नाव दिलं होतं, धूसर वियोग म्हणता येईल मराठीत. दादांनी ते नाव ऐकून घेतलं, पण त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांनी महिन्यातली एक रात्र मित्राच्या बेदाण्याच्या शेडवर झोपायला जायचं ठरवून टाकलंय, आणि त्या रात्री त्यांना कुणी फोन करत नाही.

शेवटची ठरलेली भेट जानेवारी 2025 मध्ये झाली. बागेत माल उतरायला आला होता. स्वयंपाकघरात बाई इंडक्शनवर चहा टाकत होत्या, दादा ओट्याला टेकून उभे, मी पाटावर. बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तू त्या व्यापाऱ्याला फोन केलास का? परवा म्हणत होतास, विसरशील.” (विसरशील! दादांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.) तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आत आल्या आणि उंबऱ्याशी बसल्या. बाईंनी वळून पाहिलं, चहा गाळला, कप पुढे केला.

“अहो, घ्या. आणि फोन करा आधी.”

मी माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद केली: सासूबाई आत आल्यावर संबोधन बदललं. कुणी सुचवलं नव्हतं.